दुसऱ्याचा जबडा

लातूरच्या आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात मुलांच्या जुन्या वह्या आहेत, बंद पडलेला एक रेडिओ आहे, आणि तळाशी जुन्या लुगड्याच्या दोन तुकड्यांत बांधलेल्या दोन वस्तू आहेत. एका तुकड्यात माणसाची कवटी, दुसऱ्यात खालचा जबडा. वस्तू हा शब्द सवयीने आला. तीस वर्षांपूर्वी तो मला खटकलाही नसता. आता ती पेटी उघडून आतल्या दोघांची काही सोय लावण्याची वेळ आली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९९२ साली मी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालो. महाविद्यालयच तेव्हा चार वर्षांचे होते, १९८८ साली सुरू झालेले. आज ते विष्णुपुरीला आहे. आमच्या वेळी गावात, वजिराबादेत होते. औसा तालुक्यातल्या एका लहान गावातून आलेला, दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मी, आणि समोर चौरसियांच्या शरीररचनाशास्त्राचे तीन खंड. त्यांतला तिसरा खंड डोके आणि मान यांचा. पहिल्या काही दिवसांतच प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला बोनसेट मिळवावा लागे. बोनसेट म्हणजे सुट्या हाडांचा अर्धा सांगाडा: एका बाजूचा हात, एक पाय, फासळ्या, मणके, आणि कवटी मात्र अख्खी, कारण कवटी अर्धी करून भागत नाही. वरच्या वर्गातला मुलगा तो खालच्या वर्गातल्याला विकतो, तो पुढे आणखी खालच्याला. देशभर हीच रीत होती. सायकल किंवा कॉट विकत घ्यावी तितक्या सहजपणे आम्ही माणूस विकत घेत असू.

ही हाडे मुळात कुठून येतात, असे कुणी विचारीत नसे. १९८५ पर्यंत भारतातून मानवी सांगाड्यांची परदेशी निर्यात होत असे आणि कलकत्ता हे त्या व्यापाराचे मुख्य केंद्र होते. जगातल्या कितीतरी डॉक्टरांनी आपल्याकडच्या गरिबांच्या हाडांवर बोट ठेवून शरीररचना पाठ केली आहे. १९८५ साली सरकारने निर्यातीवर बंदी घातली. देशातल्या वसतिगृहांमधला हातोहात व्यवहार अर्थातच चालू राहिला. दुसरीकडे, १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह विच्छेदनासाठी वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची सोय करून ठेवली होती. बेवारस हा शब्द आम्ही इतका वापरीत असू की त्याचा अर्थ केव्हाच झिजून गेला होता.

माझ्या बोनसेटमध्ये एक खोट निघाली. जबडा कवटीला बसेना. जबड्याच्या दोन्ही टोकांना जे गोलसर कंद असतात ते कानाच्या पुढच्या खळग्यांत बसायला हवेत. माझ्या जबड्याचा उजवा कंद बसवला की डावा बाहेर येई. कवटी लहानखुरी होती, कपाळ सरळ, भुवयांवरचे उंचवटे नसल्यासारखे, डोळ्यांच्या खोबणीची वरची कड धारदार, कानामागचा हाडाचा फुगवटा बारीक. पुस्तकाप्रमाणे ही स्त्री. अक्कलदाढा आलेल्या होत्या आणि हाडांमधल्या शिवणी अजून उघड्या होत्या, म्हणजे तरुण. जबडा रुंद, हनुवटी चौकोनी, स्नायू जिथे चिकटतात तिथे खडबडीत, तो पुरुषाचा. विकणाऱ्याने कुठल्या तरी ढिगातून जोडी लावली होती. दीड वर्षाने, पहिल्या वर्षाची परीक्षा झाल्यावर (ते वर्ष तेव्हा दीड वर्षाचे असे), मी सेट पुढे विकायला काढला. घेणाऱ्या मुलाने नेमके याच खोटीवर बोट ठेवून भाव पाडायला सुरुवात केली. मी रागाने त्याला बाकीची हाडे दिली आणि कवटी नि जबडा ठेवून घेतला. ती माझ्याकडे राहिली त्यामागे याहून उदात्त कारण नाही.

कवटी शिकताना मुलांची एक चूक होते, माझीही झाली. आपण हाडे शिकतो आहोत असे वाटते. कवटीत बावीस हाडे: मेंदूभोवतीची आठ आणि चेहऱ्याची चौदा. ती पाठ झाली की काम झाले असे वाटते. खरी कवटी तळाशी असते. विद्यार्थ्याच्या कवटीची वरची टोपी करवतीने कापून वेगळी केलेली असते. ती काढून आत पाहिले की तीन पायऱ्यांसारखे तीन खोलगट भाग दिसतात, आणि त्यांच्यात जागोजागी भोके. शिकायची असतात ती भोके. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या यांतूनच बाहेर पडतात. वासाच्या नसेला एक भोक पुरत नाही, तिचे धागे अक्षरशः चाळणीतून खाली उतरतात. त्या हाडाचे संस्कृत नावही चाळणीवरूनच, झर्झरिका. दृष्टीच्या नसेला स्वतंत्र बोगदा. डोळा फिरवणाऱ्या तीन नसा एकाच फटीतून दाटीवाटीने जातात. सगळ्यांत लांबची मजल दहावीची: ती मानेतून, छातीतून पार आतड्यांपर्यंत पोचते. तिच्या लॅटिन नावाचा अर्थ भटकी असा आहे. आम्ही तिला वारकरी म्हणत असू.

नावांचा गोंधळ निराळाच. शाळेच्या पुस्तकात चेतातंतू, विश्वकोशात तंत्रिका, जुन्या लेखनात मज्जातंतू, आणि गावात नुसती नस. जतुकास्थि हे नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते मुद्दाम अवघड केलेले वाटले होते. जतुका म्हणजे वटवाघूळ हे कळल्यावर ते हाड हातात धरून पाहिले, तर पंख पसरलेले वटवाघूळच. ग्रीक नावात पाचर आहे, संस्कृत नावात वटवाघूळ, आणि मला वटवाघूळ अधिक बरोबर वाटते. परिभाषेला आपण उगाच हसतो. ती घडवणाऱ्यांपैकी निदान काहींनी हाडे हातात घेऊन पाहिली होती.

त्या वर्षी दिवाळीला कवटी घेऊन मी गावी गेलो. सुट्टीत अभ्यास करायचा होता. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा एसटीचा प्रवास आणि मांडीवर पिशवी. आईने पिशवी उघडली, पाहिले, आणि पुन्हा बंद केली. "घरात न्हाई चालायचं हे," एवढेच म्हणाली. शिक्षणाचा भाग आहे, परीक्षा आहे, हे सगळे सांगून झाले. शेवटी गोठ्याच्या आढ्याला पिशवी टांगायची परवानगी मिळाली आणि मी कडब्याच्या गंजीला टेकून कवटीची भोके पाठ केली. आईने त्या चार दिवसांत गोठ्यात पाऊल टाकले नाही. धारा मला काढाव्या लागल्या.

पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मिरवणुका संपवून उशिरा निजलेली माणसे गाढ झोपेत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. नांदेडलाही तो जाणवला. आम्ही वसतिगृहाबाहेर येऊन उभे राहिलो आणि थोड्या वेळाने हसत परत झोपायला गेलो. सकाळी रेडिओवर औसा आणि उमरगा तालुक्यांची नावे ऐकू आली.

लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली, आजच्या नावाने लातूर आणि धाराशिव, ५२ गावे जमीनदोस्त झाली. सरकारी हिशेबाने सुमारे आठ हजार माणसे गेली. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात एवढी माणसे मरायला नको होती, असे नंतर अभ्यासकांनी लिहिले, आणि त्याचे कारण आमच्या घरांत होते. आमच्याकडे काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन-दोन हात रुंद भिंती असत. त्यांच्यावर लाकडी तुळया, आणि तुळयांवर मातीचे माळवद. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा म्हणजे ते गळत नाही. आजोबाने थर दिलेला, बापाने दिलेला, आपण दिलेला. उन्हाळ्यात ही घरे गार असत, आणि गावात ज्याची भिंत जाड तो मोठा मानला जाई. पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले ते ओझे त्या पहाटे काही सेकंदांत खाली आले. कित्येक जण दगडांखाली चिरडले. कित्येकांच्या अंगावर ओरखडाही नव्हता, ते नुसत्या मातीने गुदमरले.

आमचे घर तडकले, पण उभे राहिले. माझी मावशी ज्या गावात दिली होती ते गाव राहिले नाही. मी घरी पोचलो तेव्हा आई तिकडेच गेलेली होती. पाऊस लागला होता. ढिगारे उपसले जात होते आणि सापडलेली प्रेते सामुदायिक चितांवर जात होती. एकेकाला वेगळे जाळायला लाकूड नव्हते आणि वेळ तर नव्हताच. आई पोचण्याआधी मावशीचे झाले होते. तिच्या जावेने हातावरच्या गोंदणावरून ओळखले, असे आईला सांगण्यात आले. आईने बहिणीचे तोंड पाहिले नाही. ही गोष्ट ती पुढे पंचवीस वर्षे बोलली नाही, म्हणजे मावशीविषयी बोलली, या एका गोष्टीविषयी नाही.

पंधरा दिवसांनी मी नांदेडला परतलो. टेबलावर कवटी होती तशीच होती. ती हातात घेताना माझा हात थरथरला, असे इथे लिहिता आले असते तर बरे दिसले असते. खरे असे आहे की परीक्षा जवळ आली होती, मी मागे पडलो होतो, आणि मी पहिल्याच रात्री भोकांच्या पाठांतराला बसलो. तिला पाहून मला मावशीची आठवण झाली नाही. जे आम्ही ढिगाऱ्यातून काढले ती माणसे होती आणि टेबलावर होता तो अभ्यास. मनाने ही वाटणी कशी केली याचे मला आता नवल वाटते. तेव्हा वाटले नव्हते.

नंतर लातूरला दवाखाना टाकला, लग्न झाले, घर झाले, आणि कवटी माळ्यावर गेली. मध्ये बरीच वर्षे गेली, त्यांत सांगण्यासारखे काही नाही.

२००९ च्या जानेवारीत एका सकाळी गावी आई उठली ती चूळ भरताना पाणी उजव्या ओठातून गळू लागले. उजवा डोळा मिटेना. तोंड डावीकडे ओढले गेलेले. आमच्याकडे याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. हा शब्दप्रयोग अडाणीपणाचा समजण्याचे कारण नाही. आयुर्वेदात या विकाराला अर्दित असे नाव असून तो वातव्याधींत मोजला आहे, आणि वात म्हणजे वारेच. अर्थात वाऱ्यावरचे उपायही तसेच असतात. भावकीतल्या लोकांनी तिला शेजारच्या गावी नेऊन कबुतराचे ताजे रक्त गालाला चोळून आणले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्यापुढे आली तेव्हा कानाच्या पाळीमागे ते वाळलेले होते.

ती घाबरली होती. तिच्या सासऱ्यांना असेच झाले होते आणि ते उठले नव्हते. मी तिला म्हटले, "माय, कपाळाला आठ्या घाल." तिने डोळे वर करून प्रयत्न केला. डाव्या अर्ध्या कपाळावर आठ्या उमटल्या, उजवे अर्धे पाटीसारखे कोरे राहिले. मला इतका आनंद झाला की मी हसलो, आणि ते तिला आवडले नाही.

त्या हसण्याचे कारण सांगतो. मेंदूचा डावा अर्धा भाग चेहऱ्याच्या उजव्या बाजूला आज्ञा पाठवतो आणि उजवा डाव्या बाजूला. याला कपाळ अपवाद आहे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून आज्ञा मिळतात. म्हणून मेंदूत एका बाजूचा रक्तपुरवठा तुटून लकवा झाला तर ओठ लोंबतो, पण कपाळाला आठ्या पडतात. दुसरा अर्धा भाग ते काम चालवतो. उलट मेंदू शाबूत असून चेहऱ्याची नसच वाटेत कुठे चेपली गेली असेल, तर कपाळापासून हनुवटीपर्यंत ती सगळी बाजू गप्प होते. तेव्हा अर्धे कपाळ कोरे असणे ही चांगली बातमी असते. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याने १८२१ साली या नसेविषयीचा आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्याच्याच नावाने हा विकार ओळखला जातो. यातले बहुतेक रोगी बरे होतात. पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर अधिक बरे होतात, आणि आई तिसऱ्या दिवशी आली होती.

गोळ्या दिल्या, डोळ्यात थेंब घातले, रात्री पापणीवर चिकटपट्टी लावायची ते सुनेला दाखवले. तरी तिचे समाधान होईना. "वारं न्हाई म्हणतूस, तर मग हाय काय?" नस चेपली आहे, मी म्हटले. "कुठं?" हा प्रश्न मला परीक्षेत विचारला गेला असता तर मी पाच मिनिटे बोललो असतो. तिला काय सांगावे ते सुचेना, म्हणून मी शिडी लावून माळ्यावर चढलो.

ती नको म्हणेल असे वाटले होते. तिने पदर सावरला आणि जवळ सरकून बसली. मी कवटी उलटी धरून तिला कानामागचा फुगवटा दाखवला, आधी कवटीवर, मग तिच्या स्वतःच्या कानामागे बोट ठेवून. त्याच्या पुढ्यात एक बारीक भोक असते, तिथून ही सातवी नस बाहेर येते आणि गालावर पंजासारखी पसरते. केरसुणीची एक काडी मी त्या भोकात सरकवली. काडी थोडी आत जाऊन अडली, कारण आतली वाट सरळ नाही. सुमारे तीन सेंटीमीटरची, दोन ठिकाणी वळणारी, चारी बाजूंनी हाड असलेली ही वाट. सगळ्यांत अरुंद जागी ती एक मिलिमीटरचीही नाही. इटालियन शरीररचनाकार फालोप्पिओ याचे नाव तिला आहे. दुसरी कोणतीही नस हाडातून इतकी लांब जात नाही. बाकी अंगात कुठे सूज आली तर ती फुगायला जागा असते. इथे नस सुजली की हाडावर दाबली जाते. "जागा न्हाई तिला," मी म्हटले. आईने मान हलवली. दोन खणांच्या घरात सात माणसांचा संसार केलेल्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही.

मग तिने स्वतःहून सांगितले ते मी विचारायला विसरलो होतो. उजव्या कानात कुकरची शिट्टी सहन होत नाही, आणि पिठल्याला चव लागत नाही. याच वाटेत या नसेला दोन बारीक फांद्या फुटतात. एक कानातल्या इवल्या हाडाला आवरून धरणाऱ्या स्नायूला जाते. ती बंद पडली की आवाज मोठे होतात. दुसरी जिभेच्या पुढच्या भागाची चव आणते. दोन्ही गेल्या होत्या, म्हणजे नस या फांद्यांच्याही अलीकडे, खूप आत चेपली होती. शिट्टी आणि पिठले यांवरून हाडातली जागा सांगता येते, हे मला सतरा वर्षे पाठ होते. पहिल्यांदा कळले ते त्या दिवशी.

आईचे लक्ष आता नसेवर नव्हते. तिने कवटी माझ्या हातातून घेतली होती. "बाई हाय का बाप्या?" तिने विचारले. बाई, मी म्हटले. "केवढी?" पंचवीस-तिशीची असेल. तिने कवटी खिडकीकडे करून दातांकडे पाहिले. वरचे पाच-सहा दात शिल्लक होते आणि त्यांच्या मुळाशी काळसर तांबूस रेघा होत्या. मी दीड वर्ष त्या दातांची नावे पाठ केली होती. "मिश्री लावत व्हती," आई म्हणाली. ते पानाचे डागही असू शकतात, कलकत्त्याकडे पान खातात, असे काहीतरी मी म्हणालो. तिने ते मनावर घेतले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "हिचं कुणी नव्हतं का?"

मी कायद्याचे सांगू लागलो. बेवारस असले की पोलीस, मग महाविद्यालय, वगैरे. माझे बोलणे मलाच ऐकू येत होते. आई जबडा लावून पाहत होती. एका बाजूने बसवला की दुसऱ्या बाजूने निसटत होता. "हे तोंड हिचं न्हाई," ती म्हणाली. दुसऱ्या कुणाचे तरी आहे, पुरुषाचे, हे मी कबूल केले. "आन् इतकी वरसं एका जागी बांधून ठिवलास?" तिने तिच्या पिशवीतून जुने लुगडे काढले, उभे फाडले, आणि दोघांना वेगवेगळे बांधले. पुन्हा तिने त्यांचा विषय काढला नाही. बहिणीचा त्या दिवशी तिने उच्चारही केला नाही, आणि मीही केला नाही.

तिचा चेहरा सुधारायला पाच-सहा महिने लागले, आणि पूर्ण सुधारला नाही. एक गंमत उरली. जेवायला बसली की उजव्या डोळ्यातून पाणी येई. नस पुन्हा वाढते तेव्हा तिचे धागे कधी कधी वाट चुकतात. लाळेच्या ग्रंथीकडे जायचे ते अश्रूंच्या ग्रंथीकडे जाऊन पोचतात. मग घास तोंडात घेतला की तोंडाला सुटायचे पाणी डोळ्याला सुटते. पंगतीत बायका विचारीत, का रडायलीस? आई म्हणे, "रडत न्हाई बाई, माज्या नशीला वाट सापडंना."

तिचा तो किंचित वाकडा चेहरा रोज पाहताना मला इरावती कर्वे यांच्या प्रबंधाची आठवण होई. मराठी वाचक इरावतीबाईंना 'युगान्त'मुळे ओळखतो. त्यांची डॉक्टरेट मात्र कवट्यांवर आहे, आणि विषय कवटीच्या दोन बाजूंमधला फरक. १९२७ साली त्या बर्लिनला गेल्या. मानववंशशास्त्र आणि सुप्रजननाची जी संस्था तिथे त्याच वर्षी निघाली होती तिचा प्रमुख ऑयगेन फिशर हा त्यांचा मार्गदर्शक. पुढे नाझींच्या वंशवादाला शास्त्राचे कपडे चढवण्यात या गृहस्थाचा हात होता. गोऱ्या युरोपियनांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा, म्हणून ते अधिक बुद्धिमान, आणि त्यामुळे त्यांच्या कवट्या इतरांपेक्षा अधिक विषम असणार, असे त्याचे म्हणणे. ते सिद्ध करण्याचे काम या पंचविशीच्या आतल्या मराठी मुलीकडे आले. तिने १४९ कवट्या मोजल्या. त्यांत जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. आणि तिने लिहिले की विषमता सगळ्यांतच आहे, वंशाशी तिचा संबंध नाही. मार्गदर्शकाच्या तोंडावर, परक्या देशात, हे लिहायला काय लागले असेल याची कल्पना संशोधन न केलेल्यालाही यावी. पुढे भारतात जातीजातींची शरीरे मोजण्यात त्यांनी घालवलेल्या वर्षांबद्दल मला तितकेसे प्रेम नाही, पण तो निराळा विषय. आपण त्यांच्या ललित लेखनाचे जेवढे कौतुक केले त्याच्या निम्मे तरी त्या १४९ कवट्यांच्या वाट्याला यायला हवे होते.

माळ्यावरच्या तिची मापे मीही एकदा घेतली. हौस म्हणा. डोळ्यांच्या दोन खोबणी सारख्या नाहीत. मानेकडे रक्त नेणाऱ्या शिरेचे उजवे भोक डाव्यापेक्षा मोठे आहे, बहुतेकांचे असते. ती किती वर्षांची होती, बाई होती, उपाशी वाढली होती की काय, याचा अंदाज करता येतो. ती हिंदू होती की मुसलमान, कोणत्या जातीची, कोणती भाषा बोलत होती, यांपैकी काहीही कुठले हाड सांगत नाही.

नेमकी इथेच माझी अडचण आहे. आई २०१८ साली गेली. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तेव्हा राखेत मला एक करंगळीच्या पेराएवढा तुकडा दिसला. कानाच्या आतले हाड शरीरातल्या सगळ्यांत घट्ट हाडांपैकी एक असते. त्याचे लॅटिन नावच खडकावरून आहे, आणि चितेतून ते बरेचदा वाचते. तुकड्यावरच्या भोकाच्या दिशेवरून बाजू ओळखता येते. ते उजवे होते. तिची सातवी नस ज्या वाटेत चेपली होती ती वाट माझ्या तळहातावर होती. मोठा भाऊ मडके पुढे करून उभा होता, मी तुकडा त्यात टाकला. गंगाखेडला जाऊन आम्ही ते गोदावरीत सोडले.

परत आल्यावर मनात आले की या दोघांनाही तिथेच सोडावे. मग वाटले, मी कोण ठरवणार? ती पुरली जाणाऱ्यांपैकी असेल तर? जबड्याच्या मालकाला तर मी विचारातच घेतले नव्हते. ज्यांना आयुष्याच्या शेवटी कुणी विचारले नाही त्यांच्यावर आपला संस्कार लादणे आणि त्याला सद्भावना म्हणणे, हे मला जमेना. घरातच ठेवावे तर माझ्यामागे मुले त्यांचे काय करतील ते दिसतेच आहे. वर्षे अशीच गेली.

गेल्या महिन्यात एका वर्गमित्राला फोन केला. तो आता एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवतो. त्याच्याकडची मुले बहुतेक प्लास्टिकच्या हाडांवरच शिकतात, पण खरी कवटी आली तर विभागाच्या संग्रहात ठेवता येईल, म्हणाला. तिथे देहदात्यांसाठी वर्षातून एकदा सगळे उभे राहतात. कागदपत्रे नाहीत, हे मी सांगितले. तू लेखी दे, मी बघतो, तो म्हणाला. मग त्याने नोंदवहीत काय लिहायचे ते विचारले: कवटी, जबड्यासह, नग एक?

दोन, मी म्हटले. वेगवेगळ्या ओळींत लिही.